परदेशात बाईकची सफर : कंपनीबरोबर की आपलं आपण?

(या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलं आहे.)

 

आजचा विषय एका श्रोत्याच्या पत्रावरून घेतला आहे. साताऱ्याकडचे आहेत, वय बावन्न. लिहितात, "ताई, येत्या नोव्हेंबरात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतायत. दोघांनी मिळून परदेशात बाईकवर फिरायचं ठरवलंय. टूर कंपनीने जो आकडा सांगितला, त्याच्या जवळपास निम्म्यात आपलं आपण होतं, असं मुलाने इंटरनेटवर हिशोब करून दाखवलं. तो म्हणतो, कंपनी लुटते. बायको म्हणते, पैसे जाऊ देत, अनोळखी देशात कुणीतरी सोबत पाहिजे. तुम्ही दोन्ही केलंय, तुम्हीच सांगा."

दादा, हो, मी दोन्ही केलंय. व्हिएतनाममध्ये गाईडबरोबर ग्रुपने, आणि थायलंडमध्ये नवऱ्याबरोबर, सगळं स्वतः ठरवून. गंमत म्हणजे दोन्ही ठिकाणी अपघात झाला. म्हणून आज घाट, धबधबे, सूर्यास्त हे सगळं थोडं बाजूला ठेवते आणि त्या दोन अपघातांबद्दल बोलते. कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

आधी व्हिएतनाम. उत्तरेला, चीनच्या सीमेलगत, हा झांग नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथला साडेतीनशे किलोमीटरचा फेरा जगभरातल्या बाईकवाल्यांमध्ये प्रसिद्ध आहे. तीन-चार दिवस लागतात. त्यातला मा पी लेंग घाट म्हणजे एका बाजूला चुनखडीचा उभा कडा आणि दुसऱ्या बाजूला खाली, खूप खाली, न्हो क्वे नदीची हिरवी रेघ. आम्ही त्या घाटात पोचलो तेव्हा धुकं इतकं होतं की पुढच्या बाईकचा लाल दिवा एवढंच दिसत होतं. तो दिवा आमच्या गाईडचा होता. वळण आलं की तो दोनदा ब्रेक दाबायचा. सगळ्यात मागे त्याचा एक सहकारी, आणि त्याच्याही मागे सामान आणि मेकॅनिक घेऊन गाडी. खरं सांगते, त्या दिवशी मी कंपनीला दिलेला प्रत्येक रुपया वसूल झाला असं वाटलं.

संध्याकाळी त्यानेच सांगितलं की हा रस्ता १९५९ ते १९६५ या काळात तरुण मुला-मुलींनी हाताने खोदला. मा पी लेंगच्या कड्यावर तर दोरखंडाला लटकून काम चालायचं. रस्त्याचं नाव आहे 'आनंदाचा रस्ता'. एकटी गेले असते तर एक भारी घाट, एवढंच लक्षात राहिलं असतं.

आता अपघात. आमच्या ग्रुपमध्ये एक काका होते, निवृत्त बँकवाले. पस्तीस वर्षं बुलेट चालवलेले, आंबेनळी, वरंध, ताम्हिणी सगळं पालथं घातलेलं. व्हिएतनाममध्ये गाड्या उजव्या बाजूने चालतात. चालता चालता त्याची सवय होते, पण चहाला थांबून परत निघताना डोकं आपल्या जुन्या सवयीवर जातं. काका टपरीवरून निघाले ते सरळ डाव्या बाजूला. समोरून ट्रक. त्यांनी गाडी कडेला घातली म्हणून वाचले, पण चरात पडले आणि कॉलरबोन मोडलं.

पुढचे सहा तास गाईडने जे सांभाळलं त्याला तोड नाही. गाडी आली, प्रथमोपचार झाले, जवळच्या दवाखान्यात डॉक्टरांशी त्यांच्या भाषेत बोलणं, रात्रीतून हॅनॉयला हलवणं. काकांना एकदाही "आता काय करू?" असं म्हणावं लागलं नाही.

पण नंतरचे सहा महिने? ऑपरेशनचा खर्च तीन लाखांच्या आसपास गेला. ट्रॅव्हल इन्शुरन्स होता. विमा कंपनीने विचारलं, तुमच्याकडे त्या देशात बाईक चालवायचा वैध परवाना होता का?

नव्हता. आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता.

हे नीट ऐका, कारण बहुतेकांना माहीत नसतं. आपण आरटीओकडून जे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढतो, आयडीपी, ते १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असतं. व्हिएतनाम मानतो ते १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार काढलेलं परमिट. म्हणजे आपला आयडीपी खिशात असला तरी तिथे ५० सीसीपेक्षा मोठी बाईक चालवायला तो चालत नाही. निघण्याआधी आम्ही विचारलं होतं. टूरवाल्यांनी सांगितलं, "काही होत नाही, सगळे चालवतात." सगळे चालवतात हे खरंच आहे. दुकानदारही बाईक देतो. पण बाईक मिळणं वेगळं आणि कायद्याने चालवता येणं वेगळं. १ जानेवारी २०२५ पासून तर तिथले वाहतुकीचे दंडही बरेच वाढले आहेत. काकांचा क्लेम नामंजूर झाला. कंपनीच्या करारात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, परवान्याची जबाबदारी प्रवाशाची. सही आमचीच होती.

मग व्हिएतनामला जायचंच नाही का? जा की! तिथे 'ईझी रायडर' मिळतो. स्थानिक माणूस चालवतो, तुम्ही मागे बसता. आपल्यातल्या पुष्कळ जणांना यात कमीपणा वाटतो. मलाही वाटला होता. आता वाटत नाही. पुन्हा गेले तर मागे बसेन आणि दरी डोळे भरून बघेन.

आता थायलंड. त्यानंतर दोन वर्षांनी मी आणि नवरा गेलो. थायलंडच का? कारण तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात आणि आपला आयडीपी तिथे चालतो. मे होंग सोनचा फेरा केला. च्यांग माईहून निघून परत च्यांग माई, सुमारे सहाशे किलोमीटर. या फेऱ्यात १८६४ वळणं आहेत असं तिथे अभिमानाने सांगतात. रस्ता कसला, लोणी! फेब्रुवारी ते एप्रिल तिकडे शेतं-जंगलं जाळल्याचा धूर असतो, म्हणून आम्ही नोव्हेंबर निवडला.

स्वतः ठरवल्याचं सुख कुठे कळलं, तर खुन युआमला. नोव्हेंबरात तिथले डोंगर रानटी सूर्यफुलांनी पिवळेधमक होतात. आमचा बेत दुपारी पुढे निघायचा होता. नवरा म्हणाला, "राहूया का आज इथेच?" राहिलो. कुणाला विचारायचं नाही, कुणी मागे खोळंबलेलं नाही. ग्रुपमध्ये हे होत नाही. तिथे सकाळी साडेसातला बॅगा गाडीपाशी म्हणजे साडेसातला.

आणि चौथ्या दिवशी, मे होंग सोन सोडून पायकडे जाताना, ओल्या वळणावर नवऱ्याची गाडी घसरली. मनगट मोडलं.

तिथे लाल दिवा दाखवणारा कुणी नव्हता. मी होते. एका पिकअपवाल्याने थांबून नवऱ्याला बसवलं, मी मागून माझ्या बाईकवर. त्याची बाईक तशीच रस्त्याच्या कडेला. रुग्णालयात इंग्रजी जेमतेम, म्हणून फोनमधल्या भाषांतरावर काम चाललं. मग टुरिस्ट पोलीस, त्यांचा नंबर ११५५, त्यांनी फोनवर मध्यस्थी केली. भाड्याच्या दुकानाने गाड्या न्यायला टेम्पो पाठवला, त्याचे पैसे वेगळे. सकाळी अकराला पडलो, रात्री नऊला मी पहिल्यांदा खाली बसले आणि रडले. हे मुद्दाम सांगते आहे, कारण "आपलं आपण" म्हणताना हा दिवस कुणी हिशोबात धरत नाही.

पण पुढचे सहा महिने? दीड महिन्यात क्लेम मंजूर. आयडीपीची प्रत, आपल्या परवान्यावर गिअरच्या मोटारसायकलची नोंद, रुग्णालयाचे कागद, पोलिसांची नोंद, सगळं होतं. पॉलिसी घेतानाच दुचाकीचं कलम वाचलं होतं. काही पॉलिसी ठरावीक सीसीच्या वरची बाईक चालवली तर पैसे देत नाहीत. काकांच्या अनुभवातून आलेलं शहाणपण, दुसरं काय! दुकानदाराशीही वाद झाला नाही, कारण निघताना दोन्ही गाड्यांचा चारी बाजूंनी व्हिडिओ काढला होता आणि अनामत म्हणून रोख ठेवली होती. पासपोर्ट ठेवून घ्यायला बघतात. मंडळी, पासपोर्ट कधीही ठेवू नका. अडलात की तोच सुटायला लागतो.

तर दादा, आता तुमचा हिशोब. मुलाने काढलेल्या निम्म्या खर्चात टेम्पो आहे का? एक-दोन जादा मुक्काम आहेत का? घसरलेल्या बाईकची दुरुस्ती आहे का? ते धरा. फरक निम्म्याचा राहणार नाही, पण राहील. कंपनी जे जास्त घेते, ते मुख्यतः पहिल्या सहा तासांचे पैसे असतात. त्याला लूट म्हणणं बरोबर नाही. पण नंतरचे सहा महिने कुठलीच कंपनी तुमच्यासाठी विकत घेत नाही. ते कागद तुमचेच.

म्हणून मी असं ठरवते. आधी देश, आणि तिथे माझा परवाना चालतो का. टूरवाल्याने नाही म्हटलं तरी, हो म्हटलं तरी, स्वतः तपासायचं. चालत नसेल तर स्वतः चालवायचंच नाही, कंपनी कितीही मोठी असो. चालत असेल, तर मग विचार करायचा : रस्त्याची बाजू उलटी आहे का, भाषा अजिबात कळणार नाही का, हवा लहरी आहे का. यातल्या दोन गोष्टींना 'हो' आलं तर पहिल्या वेळी गाईड घ्या. आणि एक मधला मार्गही आहे, सेल्फ-गायडेड म्हणतात. बाईक, हॉटेलं आणि रस्त्याचा नकाशा कंपनी देते, अडचणीला एक फोन नंबर देते, चालवता तुम्ही दोघंच.

तुमच्यासाठी? पंचविसावं वर्ष आहे, नोव्हेंबर आहे. थायलंड, आणि हा मधला मार्ग. वहिनींना अडचणीला कुणीतरी मिळेल आणि तुम्हाला वाटेल तिथे थांबता येईल. आयडीपी वर्षभरच चालतो, तेव्हा तारखा बघून काढा. आणि मुलाला म्हणावं, हिशोब छान केलास, आता विम्याचं ते कलम वाचून दाखव.

हो, आणि खुन युआमला एक रात्र जास्त ठेवा.

तुमचे प्रश्न नेहमीप्रमाणे पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात. हेल्मेटचा पट्टा लावलाय ना? नमस्कार.