रुग्णशय्येजवळची शाळा

वैद्यकीय नीति कोठें शिकवितात, असें विचारल्यास कोणीहि सांगेल कीं, वैद्यकीय महाविद्यालयांत. तें खोटें नाहीं. आपल्या देशांत २०१९ सालापासून पदवीच्या अभ्यासक्रमांत वृत्ति, नीति आणि रुग्णाशीं संभाषण यांसाठीं स्वतंत्र तास नेमून दिले आहेत. परंतु ज्यानें जन्मभर शाळेंत शिकविलें, त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. वेळापत्रकांतल्या विषयापेक्षां मुलें मास्तरांचें वागणें अधिक लवकर शिकतात. वैद्यकीय विद्यार्थ्यांचें याहून निराळें नाहीं. १९९४ सालीं फ्रेडरिक हॅफर्टी व रोनाल्ड फ्रँक्स या अमेरिकन अभ्यासकांनीं हेंच प्रतिपादन केलें. नीतीचे पुष्कळसे धडे तासाबाहेर, वॉर्डांत आणि व्हरांड्यांत, कोणाच्या ध्यानींमनीं नसतांना दिले जातात. या शिक्षणास छुपा अभ्यासक्रम असें नांव आहे.

हे धडे नेहमीं चांगलेच असतात असें मात्र नाहीं. आनंदीबाई जोशी १८८६ सालीं ज्या फिलाडेल्फियांत डॉक्टर झाल्या, त्या शहराच्या परिसरांतील पांच महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची एक पाहणी २००३ सालीं प्रसिद्ध झाली. भूल दिलेल्या स्त्रीची आंतून तपासणी विद्यार्थ्यानें शिकण्यासाठीं करावयाची असेल, तर तिची अनुमति आधीं घेणें कितपत महत्त्वाचें, असा त्यांत प्रश्न होता. स्त्रीरोग विभागांत काम करून आलेल्यांनीं त्या अनुमतीस, तेथें अद्याप न गेलेल्यांपेक्षां कमी महत्त्व दिलें!

असें कां व्हावें? हीं मुलें कांहीं दुष्ट नव्हतीं. वरिष्ठ सांगतात, वेळ थोडा असतो, सारेच तसें करतात, आणि गुण देणें वरिष्ठांच्याच हातीं असतें. पहिल्या दिवशीं मन बिचकतें, महिन्याभरानें तें बिचकेनासें होतें. अनीतीचें व्याख्यान कोणीहि दिलेलें नसतें. तरी तिचा धडा पाठ होतो. अखेर एप्रिल २०२४ मध्यें अमेरिकन सरकारला रुग्णालयांस बजावावें लागलें कीं, अशा तपासणीपूर्वीं रुग्णाची लेखी अनुमति घेतलीच पाहिजे.

परंतु याच वाटेनें सद्वर्तनहि येतें. तपासण्यापूर्वीं पडदा ओढून घेणारा, खाटेच्या क्रमांकाऐवजीं रुग्णास नांवानें हांक मारणारा, हातून चूक झाल्यास ती नातेवाइकांना स्वतः सांगणारा डॉक्टर त्या वेळीं मोठें अध्यापन करीत असतो. मागें उभीं असलेलीं दहा मुलें तें पाहत असतात.

म्हणून नुसते तास वाढवून भागणार नाहीं. वॉर्डांतली फेरी संपल्यावर वरिष्ठांनीं पांच मिनिटें थांबून, “आज तुमच्या मनाला काय खटकलें?” एवढें विचारावें, आणि उत्तर देणाऱ्याचे गुण कापले जाणार नाहींत याची हमी द्यावी. बिचकणारें मन बोलूं लागलें तरच तें जिवंत राहील.

आणि श्रोतेहो, यांत आपलाहि वांटा आहे. आपण किंवा आपल्या घरचें माणूस रुग्णालयांत असतांना विद्यार्थी जवळ आला, तर त्याला हिडिसफिडिस करूं नये. तोहि शिकल्याविना डॉक्टर होणार नाहीं. मात्र, “बाळ, तुझें नांव काय? तूं काय करणार आहेस?” असें अवश्य विचारावें. समोरच्या माणसाला विचारल्यावांचून त्याच्या देहाला हात लावावयाचा नसतो, हा धडा त्याला त्या प्रश्नांतून मिळेल.