पसारा आणि बारकावा



आपल्या अहमदपूर तालुक्यातल्या तलाठ्याकडे गावनकाशा असतो. त्यात प्रत्येक गटाची हद्द दिसते. तालुक्याच्या नकाशात तेच गाव ठिपका होऊन बसते. एकाच कागदावर दोन्ही मावत नाहीत. व्हिडिओ गेम रचणाऱ्यांपुढे हाच पेच असतो.

खेळातली जमीन म्हणजे बहुधा उंचीच्या आकड्यांची जाळी. मीटरामीटरावर एक आकडा धरला, तर किलोमीटरभर लांबरुंद माळाला १० लाख आकडे लागतात. बाजू दहापट केली की १० कोटी! म्हणून यंत्राला युक्ती शिकवतात: जवळचा दगड बारकाव्याने काढ, दूरचा डोंगर ढोबळ. यंत्राचा भार हलका होतो; पण खेळणारा त्या डोंगरावरही जाणार, तेव्हा तो सजवणाऱ्याचा भार राहतोच.

२०१६ साली ‘नो मॅन्स स्काय’ने गणिती सूत्रांनी अगणित ग्रह निर्माण केले. त्यांत तोचतोपणा आहे, अशी तक्रार पुष्कळांनी केली. २०२० साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ काढला. मंडळी थोडी, खेळ काही तासांत संपणारा, वाट आखलेली, पण राजस्थानी धाटणीचे महाल मन लावून घडवलेले.

आम्ही कामगारांत वावरलेले. मोठा पसारा दिसला की आम्ही प्रथम विचारतो, हात किती? काम चौपट आणि माणसे तेवढीच, तर रात्री कोणाच्या जातात? मुदत जवळ आली की या धंद्यात जागरणे ठरलेली, हे जगजाहीर आहे. तेव्हा जमीन आखण्यापूर्वी हात मोजावेत, एवढेच आमचे सांगणे.