पाय सुजले तरी गोळी आपल्या मनानं सोडू नका

गेल्या पावसाळ्यात आमच्या बचत गटातल्या एका काकूंनी बीपीची गोळी आपल्या मनानंच सोडली. कारण काय, तर संध्याकाळी पाय सुजायचे, वहाणेचा पट्टा रुतायचा. किडनी गेली की काय, या भीतीनं त्या गप्प बसल्या. दोन आठवड्यांनी आशाताईंनी बीपी मोजलं, तर वरचा आकडा १८०! मग आम्हीच त्यांना आरोग्य केंद्रात नेलं.

डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, "सूज किडनीची नाही, गोळीची आहे." अ‍ॅम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करते, म्हणून बीपी उतरतं, पण त्यामुळंच घोट्याशी पाणी साठतं. ५ मिलिग्रॅमपेक्षा १० मिलिग्रॅमच्या गोळीनं जास्त, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. डोकेदुखी, चेहरा तापणं, धडधड, चक्कर, क्वचित हिरड्या सुजणं, हेही होतं. काकूंना गोळी बदलून मिळाली. सूज गेली, बीपीही ताब्यात आलं.

तेव्हापासून गटात आम्ही ठरवलंय: त्रास झाला की लपवायचं नाही, गोळी सोडायची नाही, डॉक्टरांना सांगायचं. सूज हृदयाची किंवा किडनीचीही असू शकते, ते तपासल्याशिवाय कळत नाही. एकच पाय सुजून दुखला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. छातीत दुखलं, दम लागला, ओठ-चेहरा सुजला तर लगेच १०८ ला फोन करायचा.

तुमच्या शेजारच्या काकूंनाही आज एवढं विचारा: गोळी चालू आहे ना?