अष्टपैलू बापू नाडकर्णी



नाशिकचे नाव निघाले की कुणाच्या डोळ्यांपुढे रामकुंड उभे राहते, कुणाच्या पंचवटी, तर कुणाच्या निफाड-दिंडोरीकडचे द्राक्षांचे मळे. माझ्यासारख्या खेळवेड्या मास्तराला मात्र आणखी एक नाव आठवते, ते म्हणजे बापू नाडकर्णी यांचे. पूर्ण नाव रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी. जन्म ४ एप्रिल १९३३ चा, आणि तो आपल्या नाशिकचा. भारताकडून ते ४१ कसोटी सामने खेळले. १७ जानेवारी २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ८६ वर्षांचे होते.

त्यांच्याविषयी बोलावे असे मनात येण्याला एक निमित्त घडले. दिंडोरी तालुक्यातल्या एका खेड्यातून रोज एस. टी.ने येणारा एक विद्यार्थी माझ्या वर्गात होता. वर्ग सुटल्यावर एक दिवस तो मागे थांबला. म्हणाला, "सर, मला सगळंच थोडं थोडं येतं. शेतातलं येतं, गणित येतं, कबड्डी येते, मोटार दुरुस्त करता येते. पण एकाही गोष्टीत माझा पहिला नंबर नाही. मग माझं पुढं काय होणार?" मुलगा हसत बोलला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याच्या घरी शिक्षणाचा हा शेवटचा हप्ता होता. पुढे शिकवायचे की शेतावर बसवायचे, हे त्या वर्षी ठरायचे होते. मी त्याला तिथल्या तिथे उत्तर देऊ शकलो नाही. दुसऱ्या दिवशी त्याला बापूंची गोष्ट सांगितली. तीच आज आपणांस सांगतो.

ज्याला फलंदाजी येते, गोलंदाजी येते आणि क्षेत्ररक्षणही येते, अशा खेळाडूला आपण अष्टपैलू म्हणतो. हिऱ्याला पैलू पाडतात, त्यावरून हा शब्द आला. अशा माणसांचे कौतुक सगळ्या जगात होते. जपानात बेसबॉल नावाचा खेळ फार लोकप्रिय आहे. आपल्या क्रिकेटचा तो चुलतभाऊ म्हणा ना! त्या खेळात चेंडू फेकणारा वेगळा आणि दांडू चालवणारा वेगळा अशी कामाची वाटणी पक्की झालेली. पण शोहेई ओतानी नावाच्या जपानी खेळाडूने दोन्ही कामे करून दाखवली. २०१८ साली तो अमेरिकेत खेळायला गेला आणि तिथेही त्याने आपला हा दुहेरी धंदा सोडला नाही. एकाच माणसाने नांगरही धरावा आणि मोटही हाकावी, तसे हे आहे.

बापूंचे शिक्षण पुण्याच्या वाडिया कॉलेजात झाले. पुणे विद्यापीठाकडून ते खेळले, मग १९५१-५२ च्या हंगामात महाराष्ट्राच्या संघात आले. पुढे ते मुंबईकडून खेळू लागले. डाव्या हाताने फलंदाजी आणि डाव्या हातानेच संथ गोलंदाजी. शिवाय फलंदाजाच्या अगदी पुढ्यात, हातभर अंतरावर क्षेत्ररक्षणाला उभे राहायचे धाडस. त्या काळी डोक्यावर शिरस्त्राण नव्हते, बरं का! समोरच्याने जोरात फटका मारला तर तो कुठे लागेल, याचा नेम नसे.

त्यांचा पहिला कसोटी सामना १९५५ च्या डिसेंबरात दिल्लीला, न्यूझीलंडविरुद्ध. संधी कशी मिळाली? विनू मंकड यांनी त्या सामन्यापुरती विश्रांती घेतली म्हणून. मंकड म्हणजे त्या काळचे आपले सर्वांत मोठे अष्टपैलू खेळाडू. तेही डावखुरे संथ गोलंदाज. बापूंनी नाबाद ६८ धावा केल्या. ५७ षटके टाकली, पण बळी एकही मिळाला नाही. पुढच्या सामन्याला मंकड परत आले आणि बापू संघाबाहेर गेले. नवख्या पोराने नाबाद ६८ धावा कराव्यात आणि लगेच त्याला घरी बसावे लागावे! दुसरा कुणी असता तर रुसून बसला असता. बापू पुन्हा सरावाला लागले.

सराव कसा? असे सांगतात की खेळपट्टीवर ते एक नाणे ठेवीत आणि चेंडू त्या नाण्यावर पडेपर्यंत टाकीत राहत. आमच्या शेतकरी श्रोत्यांना यातले मर्म लगेच कळेल. पाभर धरणारा माणूस तास सरळ जावा म्हणून नजर एका ठिकाणी रोखून चालतो. एका ठिकाणी हात हलला की पुढचे सगळे तास वाकडे जातात. गोलंदाजीतही टप्पा आणि दिशा या दोनच गोष्टी मुख्य. चेंडू फार पुढे पडला तर फलंदाज पाय टाकून मारतो, फार आखूड पडला तर मागे सरून मारतो. या दोहोंच्या मधे एक अशी जागा असते की तिथे पडलेल्या चेंडूला पुढे जावे की मागे सरावे हेच फलंदाजाला ठरवता येत नाही. त्या जागेवर एक चेंडू कुणीही टाकील. शंभर चेंडू टाकायला बापूच लागतात.

आता त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेलेली गोष्ट. जानेवारी १९६४. मद्रासला इंग्लंडविरुद्ध कसोटी सामना चालू होता. बुधी कुंदरन यांच्या १९२ धावांच्या जोरावर आपण ७ बाद ४५७ धावांवर डाव सोडला होता. इंग्लंडचे ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन खेळत होते. बापूंच्या हाती चेंडू आला आणि धावफलक जणू झोपी गेला. एक षटक निर्धाव गेले, दुसरे गेले, तिसरे गेले. असे करता करता सलग २१ षटके निर्धाव गेली! चेंडू मोजले तर एकामागून एक १३१ चेंडूंवर एकही धाव नाही. त्या डावात बापूंनी एकूण ३२ षटके टाकली, त्यांतली २७ निर्धाव, आणि दिल्या धावा फक्त ५. म्हणजे १९२ चेंडू आणि ५ धावा! सहा चेंडूंच्या षटकांच्या हिशोबात सलग २१ निर्धाव षटकांचा हा विक्रम आजही त्यांच्या नावावर आहे.

हे ऐकून बोटे तोंडात जातात. पण शिक्षकाने गोष्ट पुरी सांगावी. त्या ३२ षटकांत बापूंना बळी एकही मिळाला नाही. सामना अनिर्णित राहिला. किंबहुना त्या मालिकेतले पाचही सामने अनिर्णित राहिले. अशा खेळाला तेव्हाही कंटाळवाणा म्हणणारे लोक होते. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. धाव निघत नाही आणि गडीही बाद होत नाही, असा खेळ दिवसभर बघणे म्हणजे प्रेक्षकांच्या सहनशक्तीची परीक्षाच! तेव्हा बापूंच्या विक्रमाचे कौतुक करताना आपण डोळे उघडे ठेवावेत.

पण दुसरी बाजूही पाहा. पाटाला एका ठिकाणी भगदाड पडले तर सगळे पाणी तिथून वाहून जाते; मग बाकीच्या वाफ्यांत कितीही राबा, पीक तहानलेलेच राहते. संघात एक माणूस भगदाड बुजवून बसला की दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजाला धीर येतो, त्याला प्रयोग करायला मोकळीक मिळते. आणि फलंदाज? धावा मिळेनात म्हणून तो कासावीस होतो आणि दुसरीकडे चूक करतो. त्या बळीची नोंद दुसऱ्याच्या नावावर होते. असे दुसऱ्याच्या खात्यावर जमा होणारे काम बापूंनी आयुष्यभर केले. कसोटीत त्यांनी ९१६५ चेंडू टाकले आणि षटकामागे सरासरी पावणेदोन धावासुद्धा दिल्या नाहीत. आजच्या वीस षटकांच्या खेळात षटकाला सहा धावा दिल्या तरी गोलंदाजाची पाठ थोपटतात, हे लक्षात घ्या.

आणि बापू बळी घेत नसत असेही कुणी समजू नये. त्याच वर्षी, १९६४ च्या ऑक्टोबरात, त्याच मद्रासला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी एका सामन्यात ११ गडी बाद केले. पहिल्या डावात ३१ धावांत ५, दुसऱ्या डावात ९१ धावांत ६. तो सामना आपण हरलो, म्हणून ते ११ बळी लोकांच्या लक्षात राहिले नाहीत. १९६८ साली न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला त्यांनी दुसऱ्या डावात ४३ धावांत ६ बळी घेतले आणि तो सामना आपण जिंकला. परदेशात आपण कसोटी मालिका प्रथमच जिंकली ती त्याच दौऱ्यात. तोच बापूंचा शेवटचा कसोटी दौरा ठरला.

फलंदाजीची कथा तर याहून विसरली गेलेली. मद्रासच्या त्या २१ षटकांनंतर जेमतेम महिनाभराने कानपूरचा सामना झाला. इंग्लंडने ८ बाद ५५९ धावांचा डोंगर उभा केला. आपला डाव २६६ वर आटोपला. त्यात बापू नाबाद ५२. फॉलोऑन मिळाला. पराभव समोर दिसत होता. दुसऱ्या डावात बापूंना वरच्या क्रमांकावर पाठवले आणि ते नाबाद १२२ धावा करून परतले. आपण ३ बाद ३४७ धावा केल्या आणि सामना वाचला. दोन्ही डावांत इंग्लंडला त्यांना बाद करता आले नाही. ज्याने महिन्यापूर्वी दुसऱ्याला धाव काढू दिली नव्हती, त्यानेच आता धावा काढून संघाला तारले. पण आज कुणालाही विचारा, एकवीस निर्धाव षटके आठवतील. कानपूर आठवणार नाही. लोकांच्या आठवणीत माणसाचा एकच पैलू राहतो. बाकीचे सात कुणीतरी मुद्दाम सांगावे लागतात, आणि ते काम आम्हां शिक्षकांचे आहे.

प्रथम दर्जाच्या १९१ सामन्यांत बापूंनी ८८८० धावा केल्या आणि ५०० बळी घेतले. शतके १४. त्यांतली सर्वांत मोठी खेळी मुंबईकडून दिल्लीविरुद्ध, १९६०-६१ साली, नाबाद २८३ धावांची. खेळणे थांबल्यावरही त्यांनी मैदान सोडले नाही. १९८०-८१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर ते भारतीय संघाचे सहायक व्यवस्थापक होते. "छोडो मत" हे शब्द त्यांच्या तोंडी नेहमी असत, अशी आठवण सुनील गावसकर यांनी सांगितली आहे. पहिल्याच सामन्यानंतर बाहेर बसावे लागलेल्या माणसाच्या तोंडी हे शब्द शोभतात.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी हे सगळे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पण सर, सगळं थोडं थोडं येत असून त्यांनी ते नाणं का ठेवलं?" मी क्षणभर गप्प झालो. पोराने नेमके दुखरे बोट धरले होते. मी म्हणालो, "अरे, आठ पैलू असले तरी एकेक पैलू वेगळा घासावा लागतो. तू एवढ्या गोष्टी करतोस, त्यांतल्या एकीखाली तरी नाणं ठेव. बाकीच्या सोडायच्या नाहीत."

त्या मुलाने मोटार दुरुस्तीखाली नाणे ठेवले. घरच्यांनी आणखी एक वर्ष द्यायचे कबूल केले. आता दिवसा तो अभ्यासक्रम करतो आणि सुट्टीला शेतावर असतो. पुढचे त्याचे तो पाहील.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्याही वर्गात असा एखादा विद्यार्थी असेल. बक्षीस समारंभात त्याचे नाव कधी पुकारले जात नाही, पण शाळेतले कोणतेही काम त्याच्यावाचून अडते. येत्या आठवड्यात त्याला एकदा जवळ बोलवा, आणि त्याचे नाणे कुठे ठेवायचे ते दोघे मिळून ठरवा.