निरोप आणि निरोप्या

दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतून निघालेले लोहखनिज रेल्वेच्या वाघिणींतून भिलाईस येते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. वाघीण कितीही भक्कम असो. कारखान्यात पोचल्यावर तिने आपला माल ओतलाच नाही, तर पोलाद व्हायचे नाही. ही गोष्ट भिलाईतल्या शाळकरी मुलालाही कळते. पेशीत जनुक पोचविणाऱ्या शास्त्रज्ञांना मात्र हाच धडा पुष्कळ खटपटीनंतर मिळाला.

या खटपटीशी भिलाईच्या मुलखाचा जवळचा संबंध आहे. दुर्ग, राजनांदगाव आणि सीमेपलीकडील गोंदिया, गडचिरोली या भागांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार अनेक घरांत आढळतो. हिमोग्लोबिन घडविणाऱ्या जनुकातील एक अक्षर बदललेले असते, एवढेच त्याचे मूळ. परंतु त्यापायी तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मूल वेदनेने तळमळते. ते अक्षर सुधारणारा निरोप लिहिणे आज शक्य झाले आहे. प्रश्न आहे तो निरोप्याचा.

जनुकाचे द्रव्य, म्हणजे डीएनए, ऋण विद्युत्भाराचे असते. पेशीचे आवरणही बहुतांशी तसेच. म्हणून नुसते डीएनए पेशीजवळ नेले, तर दार उघडत नाही. शिवाय वाटेतील विकरे त्याचे तुकडे करतात. येथे पॉलिमर उपयोगी पडतो. लहान रेणूंची माळ ओवून बनलेल्या या द्रव्यावर धन भार असला, की ते डीएनएला कवटाळते. मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढी त्याची पुरचुंडी बनते आणि पेशी ती गिळते.

१९६५ साली वाहेरी आणि पागानो यांनी डेक्स्ट्रानच्या एका धनभारित रूपाच्या साहाय्याने पोलिओ विषाणूचा आरएनए पेशींत शिरविला. १९९५ साली फ्रान्समधील बेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिएथिलीनइमीन हा वाहक पुढे आणला. गिळलेली पुरचुंडी पेशीतल्या एका पिशवीत अडकते व ती पिशवी हळूहळू आम्ल होत जाते. हा पॉलिमर ते आम्ल शोषून घेतो, पिशवीत पाणी शिरते आणि ती फुटते, असा त्यांचा तर्क होता. त्यावरील वाद अजून मिटलेला नाही. वाहकाचा उपयोग मात्र जगभर झाला.

तरीही पेशीत शिरणे म्हणजे काम होणे नव्हे. पॉलिमरची पकड सैल असली, तर डीएनए वाटेतच सांडते. फार घट्ट असली, तर ते सुटतच नाही, आणि न सुटलेले जनुक वाचले जात नाही. डीएनएला पुढे केंद्रकातही शिरावे लागते. पुष्कळ पेशींत माल पोचावा आणि थोड्याच पेशींनी प्रथिन बनवावे, असे म्हणूनच घडते. लांब साखळीचा वाहक बहुधा अधिक माल पोचवितो, पण पेशीचे आवरणही अधिक दुखावतो. म्हणून पेशीच्या आत गेल्यावर आपोआप तुटतील, अशा साखळ्या घडविण्याकडे संशोधकांचा कल आहे.

२०२३ साली ब्रिटन व अमेरिकेने सिकलसेलवरील जनुकसंपादनाचा पहिला उपचार मंजूर केला. त्यात रुग्णाच्या रक्तजनक पेशी शरीराबाहेर काढून, विजेच्या स्पंदांनी त्यांची दारे उघडून, संपादनाची सामग्री आत सोडतात. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली. शेतमजुराच्या घरी ही रक्कम उच्चारण्यातही अर्थ नाही. अस्थिमज्जेतील त्या पेशींपर्यंत शरीरातच पोचणारा, स्वस्त आणि निरुपद्रवी पॉलिमर अद्याप हाती आलेला नाही. तो यावा म्हणून चाललेल्या कामाचे मोल यावरून कळेल. ओझे घट्ट धरणारे वाहक पुष्कळ झाले. योग्य जागी ते सोडून देणारा वाहक हवा आहे.