दारावरचा विक्रेता आणि गावाचा नियम

(मोरजी येथे मंडळाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अलीकडे आपल्या वाड्यावाड्यांवर एक मागणी वारंवार ऐकू येते. गावाच्या वेशीवर पाटी लावा, ‘परप्रांतीय फेरीवाल्यांस सक्त मनाई’. टेंबवाड्यावर ती ऐकली, वरच्या वाड्यावर ऐकली, देवळाच्या मंडपात तर कितीदा ऐकली. आज ना उद्या हा विषय ग्रामसभेत येणार. तो तिथे आरडाओरड्यात उरकला जाण्यापूर्वी मंडळाने त्यावर शांतपणे बोलावे, असे ठरले. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. दाराला नियम हवा आणि तो लेखी हवा. मात्र येणाऱ्याचा मुलूख कोणता, यावर तो नियम उभा राहू नये.

मागणीमागची भीती खोटी नाही. दुपारी घरात एकटी म्हातारी माणसे असतात. मुले पणजीला, दुबईला, नाहीतर बोटीवर. अशा वेळी दोन तरुण येतात, भांडी चकचकीत करण्याची पूड दाखवतात, समई घासून देतात आणि मग हातातल्या पाटल्यांकडे वळतात. ज्या द्रवात पाटल्या बुडवतात त्यात अम्ल असते. सोने त्यात विरघळून राहते आणि घरवालीच्या हाती हलक्या झालेल्या पाटल्या येतात. पोलीस वर्षानुवर्षे सावध करीत आले, तरी हा प्रकार थांबलेला नाही. दुसरा येतो तो गॅसची शेगडी तपासायला, नळी बदलून पैसे घेऊन जातो. वितरकाला फोन केला तर तिथे त्याचे नावही ठाऊक नसते. तिसऱ्याकडे अनाथाश्रमाचे पावतीबुक असते. आश्रम कुठे, असे विचारले की तो कुठल्या तरी दूरच्या जिल्ह्याचे नाव सांगतो.

शिवोली-चोपडे पूल होण्यापूर्वी दक्षिणेकडून येणारा विक्रेता फेरीबोटीतून उतरे. काकणकार, कल्हईवाला, सायकलवर चादरींचे गाठोडे बांधलेला, सगळे ठरलेल्या दिवसांत येत. एकाच्या घरी पाणी, दुसऱ्याच्या घरी दुपारची पेज. त्याला परवाना कोणी विचारला नाही, कारण अर्धा गाव त्याला ओळखत होता आणि फसवून तो पुन्हा त्याच बोटीत बसू शकत नव्हता. पूल आला, किनाऱ्यावर पर्यटन आले, जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळ सुरू झाला. आता दारावर येणारा माणूस तासाभराने कुठे असेल, हे कोणी सांगावे? जुनी ओळख गेली, तिच्या जागी काहीच आले नाही. आपला प्रश्न तिथून सुरू होतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. फेरीवाल्यांसाठी संसदेने २०१४ साली कायदा केला. सर्वेक्षण, विक्रीचे प्रमाणपत्र, फेरीवाला समिती, सारे त्यात आहे आणि फिरून विकणाराही त्यात धरलेला आहे. पण तो नगरपालिका, महानगरपालिका, नगरपंचायत अशा शहरी संस्थांसाठी लिहिलेला. मोरजी ग्रामपंचायतीला त्याचा आधार मिळत नाही. पंचायतीचा व्यवसाय परवाना असतो, पण तो दुकानाच्या जागेला. ज्याचे दुकान डोक्यावर किंवा सायकलीच्या कॅरिअरवर, त्याला तो कसा लागू करायचा? राहता राहिली सोपोची पावती. कित्येक विक्रेते ती दाखवून ‘आमच्याकडे परवाना आहे’ असे सांगतात आणि आपणही गप्प बसतो. सोपो हा बाजारातल्या किंवा फेस्ताच्या फेरीतल्या जागेचा कर. तो भरला म्हणून कोणाच्या खळ्यात शिरण्याचा अधिकार मिळत नाही.

गंमत पाहा. किनाऱ्यासाठी कायदा आहे. पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा गोव्याचा कायदा २००१ चा; २०२५ साली विधानसभेने त्यात दुरुस्ती करून उपद्रवाचा दंड किमान पाच हजार आणि कमाल एक लाख रुपये केला. फिरते विक्रेते, दलाल, भिक्षेकरी यांच्यापासून पर्यटकाला त्रास होऊ नये ही त्यामागची कळकळ. वाळूवर पहुडलेल्या पाहुण्याची एवढी काळजी, आणि तिथून चार पावलांवर आपल्या बलकांवात बसलेल्या आजीसाठी वेगळा कायदा नाही.

तरीही आपण अगदीच निःशस्त्र नाही. टेंपोवर भोंगा बांधून ध्वनिमुद्रित आरोळी देत फिरणाऱ्याला ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम लागू आहेत. ध्वनिक्षेपक वापरायचा तर लेखी परवानगी लागते. ती आहे का, एवढा एक प्रश्न विचारला तरी अर्धे भोंगे बंद होतील. (आपल्या पोदेराचा हातभोंगा ध्वनिक्षेपकात मोडत नाही, काळजी नसावी.) थेट विक्री करणाऱ्या कंपन्यांच्या प्रतिनिधींसाठी केंद्राचे २०२१ चे नियम आहेत, ओळखपत्राशिवाय, आणि आधी वेळ किंवा संमती घेतल्याशिवाय, त्यांना ग्राहकाच्या घरी जाता येत नाही. फिरून खाद्यपदार्थ विकणाऱ्याची नोंदणी अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमावलीत आहे. तराजू आणि वजने तपासून छाप मारलेली हवीत, असे वजनमापांचा २००९ चा कायदा सांगतो. मासळीच्या वाट्याला मात्र आपला डोळाच तराजू.

आणि सर्वांत साधी गोष्ट. खळे आपले, फाटक आपले. ‘नको’ म्हटल्यावरही धमकावण्यासाठी किंवा त्रास देण्यासाठी कोणी तिथे ठाण मांडून बसला तर तो अनधिकृत प्रवेश ठरतो. पूर्वी भारतीय दंड संहितेत होते ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आहे. त्यासाठी गावाने नवा ठराव करण्याची गरज नाही.

मग वेशीवरच्या पाटीला आमचा विरोध का? पहिले कारण घटनेचे. देशात कुठेही फिरण्याचा आणि कोणताही धंदा करण्याचा हक्क एकोणिसाव्या कलमाने नागरिकाला दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली दिल्लीच्या सोदनसिंग खटल्यात रस्त्यावर फिरून विकणे हाही त्या हक्काचाच भाग मानला. त्याचबरोबर वाजवी बंधने घालता येतात, हेही न्यायालयाने सांगितले. वेळेचे, जागेचे, ओळखीचे बंधन वाजवी म्हणता येईल. ‘अमुक राज्यातला नको’ हे बंधन कोणत्या न्यायालयात टिकेल? उत्तराखंडात रुद्रप्रयाग जिल्ह्यातल्या काही गावांनी २०२४ मध्ये धर्माच्या नावाने अशा पाट्या लावल्या होत्या. पोलिसांनी त्या उतरवायला लावल्या. आपली पाटीही उतरेल, आणि तिच्याबरोबर आपले खरे म्हणणेही कचऱ्यात जाईल.

दुसरे कारण पोटाचे. गोव्यातल्या कितीतरी भट्ट्या आज कर्नाटकातून आलेल्या माणसांच्या हातांवर चालतात. पहाटे सायकलवर उंडे आणि पोळ्या घेऊन येणारा तो पोदेर पाटीच्या भाषेत परप्रांतीयच. तेरेखोलपलीकडच्या आरोंद्याहून, शिरोड्याहून, सातार्ड्याहून भाजी, आंबे, सोलां घेऊन येणारी बाई आपल्यासारखीच बोलते. आपल्यातल्या अनेकांच्या सुना त्याच गावांतल्या. पण तिच्या रेशनकार्डावर महाराष्ट्र लिहिलेले असते. तिला वेशीवर अडवणार का? पेडणे महाल १७८८ पर्यंत सावंतवाडीकडे होता. तेव्हापासून सरहद्दीचे कागद बदलत राहिले, पाटीतली भाजी तीच आहे. उलट आपल्या गाबीत भगिनींच्या धंद्यावर घाला घालतो तो टेंपोतून मासळी विकणारा, आणि त्याचा परवाना कदाचित अस्सल गोमंतकीय नावावर असेल. पाटी त्याला अडवणार नाही.

तिसरे कारण आपल्या जिव्हाळ्याचे आहे, म्हणून थोडे सविस्तर. आपल्या स्वयंसाहाय्य गटांतल्या भगिनी लोणची, सोलकढीचे आगळ, पापड घेऊन पर्वरी-पणजीकडच्या वसाहतींत जातात. एका वसाहतीच्या फाटकावर त्यांना रखवालदाराने थांबवले. भिंतीवर लिहिले होते, ‘फेरीवाल्यांस प्रवेश बंद’. वर्गणी काढून रिक्षा केलेली, उन्हात तासभर उभ्या राहून सगळ्या परत आल्या. आपल्या गावच्या मुली तिथे परक्या ठरल्या. तो रखवालदार कुठला होता हे इथे गौण आहे. पाटी कोणी वाचली एवढेच त्याला ठाऊक होते. नियम माणसाच्या वागण्यावर असता, ओळखपत्र दाखवा आणि दहा ते बारा या वेळेत या असा असता, तर त्या आत गेल्या असत्या. आपण मोरजीत जी पाटी लावू तीच उद्या आपल्याला दुसऱ्याच्या दारात वाचावी लागेल.

परदेशात काय करतात? ब्रिटनमध्ये पायी फिरून विकणाऱ्यासाठी १८७१ पासून कायदा आहे. सतरा वर्षांवरील, चांगल्या वर्तणुकीच्या माणसाला, तो त्या भागात महिनाभर राहिलेला असेल तर, पोलीस वर्षभराचा दाखला देतात. जन्म कुठला हे कोणी विचारत नाही. घरोघरी देणगी मागायची तर १९३९ च्या वेगळ्या कायद्याप्रमाणे परवाना आणि बिल्ला लागतो. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या स्ट्रॅटन नावाच्या खेड्याने एक पाऊल पुढे टाकले. दारावर कोणत्याही कारणाने जायचे तर आधी महापौरांकडून परवाना घ्या, असा नियम केला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली तो मोडीत काढला, कारण त्यात धर्मप्रचारक आणि मत मागणारेही अडकत होते.

हे आपण ध्यानात ठेवायला हवे. ‘दारावर पैसे मागणारा प्रत्येक जण’ असे शब्द मसुद्यात घातले तर शिगम्यात घरोघरी फिरून नारळ आणि पैसे घेणारा आपलाच मेळ त्यात सापडेल. मंडळाची वर्गणी मागायला आम्ही पावतीबुक घेऊन येतो, तेही सापडू. आणि निवडणुकीत दारावर येणाऱ्या उमेदवाराला परवाना विचारता येत नाही. त्याला पाच वर्षांचा हिशेब मात्र जरूर विचारावा.

मंडळाने केलेला मसुदा असा आहे. विकण्यासाठी दारोदार फिरणाऱ्याने पंचायतीत एकदा नाव, छायाचित्र, फोन क्रमांक आणि विकण्याची वस्तू नोंदवावी. पंचायतीने त्याला क्रमांकाचा बिल्ला द्यावा. शुल्क नाममात्र असावे, नाहीतर नोंदणी गरिबाला परवडणार नाही आणि लबाड माणूस ती सहज विकत घेईल. फिरण्याची वेळ सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी चार ते सहा. पोदेर, दूधवाला, पाटी घेऊन येणारी मासळीवाली यांना वेळेचे बंधन नाही. घरावर ‘विक्रेत्यांनी दार ठोठावू नये’ अशी पाटी लावायची मुभा प्रत्येकाला, आणि ती पाटी पाळणे बिल्लेवाल्यावर बंधनकारक. दागिने ‘पॉलिश’ करण्याच्या धंद्याला बिल्ला मुळीच मिळू नये. देणगी मागणाऱ्याने संस्थेच्या नोंदणीचा क्रमांक पंचायतीत दाखवावा. ग्रामसभेचा ठराव म्हणजे कायदा नव्हे, हे आम्ही जाणतो. दंड बसवायचा तर गोवा पंचायतराज कायद्याने घालून दिलेल्या रीतीनेच पंचायतीला उपविधी करावे लागतील. पण नोंदवही ठेवायला कोणाचा अडसर आहे? ती पहिल्या दिवसापासून सुरू होऊ शकते.

एका पाहुण्याला मात्र बिल्ल्याने आवरता येणार नाही. तो काही विकायला येत नाही, घ्यायला येतो. गाडी बाहेर उभी करतो, चहा घेतो, म्हाताऱ्याची विचारपूस करतो आणि सहज म्हणून एक-चौदाचा उतारा पाहायला मागतो. मोपानंतर असे पाहुणे वाढले, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. त्याच्यासाठी चार गोष्टी घरात पाठ असाव्यात. आपल्या नागरी कायद्याप्रमाणे विवाहित माणसाला घर-जमीन विकताना पती आणि पत्नी दोघांची संमती लागते. बलकांवात एकट्या पुरुषाला गाठून दिलेल्या विसाराने व्यवहार पुरा होत नाही. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध आहेत. उताऱ्याची प्रत अनोळखी माणसाला देऊ नये. आणि दारावर कशावरही सही करू नये, अगदी ‘फक्त माहितीसाठी’ म्हटले तरी.

मसुद्याच्या प्रती बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत, घरटी एक घ्यावी. पंचायतराज कायद्याप्रमाणे साधारण ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांतल्या रविवारी भरते. त्यापूर्वी पंधरा दिवस विषय पंचायतीकडे लेखी द्यायचा आमचा विचार आहे. वेळांबद्दल, शुल्काबद्दल ज्यांचे वेगळे मत असेल त्यांनी ते त्याआधी मंडळाच्या कार्यवाहांकडे कागदावर द्यावे. मासळी विकणाऱ्या भगिनींशी बोलायला टेंबवाड्यावर वेगळी बैठक घेऊ, कारण सकाळच्या वेळी त्यांना इथे येणे जमत नाही.