पेजेच्या पाण्याची अक्षरं
(चतुर्थीनिमित्त मुलांच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)



माटोळीला बांधून उरलेली लिंबं कुठं गेली, अशी काल घरात चौकशी चालली होती. ती आम्ही उचलली. आज त्यांचं काम आहे.

लिंबाच्या रसात थोडं पाणी घाला. हिराच्या काडीला कापूस गुंडाळा आणि लिहा. टाक नको, रस सुकतो, पण निबाचा ओरखडा राहतो आणि चोरी तिथंच पकडली जाते. वाळल्यावर कागदावर गरम इस्त्री फिरवली की तपकिरी अक्षरं उमटतात, कारण रस लागलेला भाग बाकीच्या कागदाआधी करपतो. दूध किंवा कांद्याचा रसही चालतो. आपल्याकडे पावसात कागद सादळलेला असतो; तो आधी वाळवा, नाहीतर अक्षर फुटून नुसता डाग होतो.

याहून गंमत उकड्या तांदळाच्या पेजेची. वरच्या निवळीने लिहा, वाळवा आणि टिंक्चर आयोडीन भरपूर पाण्यात घालून कापसाने हलकेच फिरवा. अक्षरं निळी-जांभळी होतात. हे मोठ्यांनी करावं. काही कागदांना मुळातच खळ असते, तो सगळाच निळा पडतो; म्हणून कोपऱ्यावर एक थेंब टाकून बघा. खायच्या सोड्याने लिहून हळद लावली तर लाल. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, हे आपल्या आज्यांना ठाऊकच होतं. हळद फेणीत कालवली तर जास्त खुलते, पण फेणी घरात विचारून घ्यावी!

ही निव्वळ पोरखेळाची विद्या नव्हे. पहिल्या महायुद्धात कार्ल म्युलर नावाच्या जर्मन हेराकडे लिंबू सापडलं आणि १९१५ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये त्याला गोळ्या घातल्या गेल्या. आपल्या गोव्यात तर पोर्तुगीज अमलात लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरला दाखवावी लागे.

तेव्हाचंच एक पत्र आमच्या पेडण्याच्या घरी होतं. आजीचा भाऊ बांद्याला राहायचा. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि पुढे ये-जा जवळजवळ थांबली. त्या दिवसांत कुणाच्या तरी हाती त्याने चिठ्ठी पाठवली: सगळी खुशाल आहेत, गाय व्याली. चार ओळी, खाली सही, आणि बाकी पान कोरं. तो पुन्हा भेटला नाही. मुक्तीच्या आधीच वारला.

आम्ही भावंडांनी पुढे कुठंतरी हेरकथा वाचली आणि ठरवलं की कोऱ्या भागात गुपित असणार. दुपारी आजी निजल्यावर पेटीतून पत्र काढलं आणि चिमणीवर धरलं. काहीच उमटलं नाही. कागद मात्र भुरकन पेटला. विझवेपर्यंत सही गेली होती.

आम्ही रडत आजीकडे गेलो. तिने मारलं नाही. "अरे, तो नेहमीच थोडकं लिही," एवढंच म्हणाली, आणि उरलेलं पत्र घडी करून पेटीत ठेवलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

तेव्हा मुलांनो, जुन्या पेटीतल्या कागदांना हात लावायचा नाही आणि दिव्याच्या ज्योतीवर काही धरायचं नाही. इथं कोरे कागद आहेत. इस्त्री तापली आहे. ती आम्ही फिरवू. लहान मुलं पुढे या.